पोरांना धंद्याची संधी दिसते का, हे तपासताना या चुका टाळा

उद्योजकतेच्या कोर्सात मार्क देताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीपीटीला मार्क देणं. पोरगं स्टेजवर फाडफाड बोललं की आपण १० पैकी ९ देऊन मोकळे होतो, पण संधी दिसणं वेगळं आणि ती रंगवून सांगणं वेगळं. आपल्याकडं निम्मा वर्ग "सोलापुरी चादर ऑनलाइन विकणार" असंच लिहून देतो, त्यात कुणी काय बघितलं? याउलट एखादी पोरगी लिहिते की युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडं शाळा उघडायच्या आधी रात्रंदिवस काम असतं आणि नंतर मशिनी रिकाम्या, म्हणून मी मालकाला विचारलं की त्या दिवसांत कुठली ऑर्डर परवडेल. तिला बोलता येत नसेल, तरी मार्क तिलाच जास्त हवेत. म्हणून प्लॅनच्या आधी एक पान लिहून घ्या : अडचण कुणाची, तो आज ती कशी भागवतो, त्यात पैसा-वेळ किती जातो आणि हे तुला सांगितलं कुणी.

दुसरं, सगळ्यांना मुंबई-बंगळुरूच्या ॲपची एकच केस देऊ नका. उद्योजकतेचे अभ्यासक स्कॉट शेन यांचा २००० सालचा अभ्यास यावरच आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या थ्रीडी प्रिंटिंगच्या एकाच शोधात आठ वेगवेगळ्या टीमना वेगवेगळ्या संधी दिसल्या, कारण ज्याला ज्या धंद्याची आधीपासून माहिती त्याला तिथलंच दिसतं. मग सांगोल्याच्या डाळिंबवाल्याच्या पोराला ॲपमध्ये काही सुचलं नाही तर तो ढ कसा झाला? डाळिंब, पॉवरलूम, विडी, वारी असे चार विषय ठेवा, ज्याला जो जवळचा तो घेऊ दे.

"मला संधी पटकन दिसतात, १ ते ५ मध्ये सांगा" असल्या फॉर्मवर तर अजिबात जाऊ नका, त्यात फक्त कॉन्फिडन्स मोजला जातो. नुसत्या आयडिया मोजणंही तसंच, वीसातल्या अठरा एकसारख्या असतात, त्यामुळं वेगळ्या किती ते बघा.

आणि सगळ्यांना ६-७ च मार्क पडत असतील तर गडबड तुमच्या निकषात आहे, पोरांत नाही. नावं झाकून चार-पाच पेपर दोन सरांनी वेगवेगळे तपासा, जिथं मार्कांत फरक पडेल तिथला निकष बसून नीट लिहा. कोर्सच्या आधी सोलापूरच्या गड्डा यात्रेवर प्रश्न दिला असेल तर शेवटी आठवडी बाजारावर द्या, तोच परत दिला तर पोरं वर्गात ऐकलेलं उत्तर उतरवतात.