थान्यात एफआयआर कशी लिहवून घ्यायची, इंदूरच्या मराठी घरांसाठी

मागच्या वर्षी सकाळी फिरायला गेलेल्या आत्याचं मंगळसूत्र बाइकवरच्या दोन पोरांनी मागून येऊन खेचलं, मान सोलून निघाली, तशीच तिला घेऊन आम्ही थान्यात गेलो तर मुन्शीजींनी (थान्यात लिहायचं काम करणारे पोलीस) कोरा कागद पुढे केला, "आवेदन लिख दो माताजी, कहीं गिर गया होगा." आत्या ७२ वर्षांची, हात थरथरत होते, आणि ती खरंच तसं लिहायला बसली होती. मी कागद ओढून घेतला.

म्हणून सांगतो, आवेदन वेगळं आणि एफआयआर वेगळी. आवेदनाची पावती मिळते, पण तपास सुरू होईलच असं नाही. एफआयआरला नंबर असतो, तारीख असते, कलम असतं. आणि "अदम चेक" लिहिलं असेल तर समजा की अदखलपात्र धरलंय, मग मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. सही करायच्या आधी वरचा मथळा वाचा, घाई करतील, करू द्या.

हिसकावलं असेल तर "गुम" हा शब्द कागदावर येऊच देऊ नका. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू आहे त्यात झपटमारीचं वेगळं कलम आहे, ३०४, दखलपात्र, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीएसपीची परवानगी घेऊन १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, ते "जांच चल रही है" म्हणाले तर परवानगी कुणाची, कधीची, हे शांतपणे विचारा. आवाज चढवू नका, काही फायदा होत नाही.

आता आपली खास अडचण. आत्या मराठीत सांगणार, मी हिंदीत समजावणार, मुन्शी त्याच्या हिंदीत लिहिणार, आणि झालंही तसंच, त्यांनी "सोने की चेन" लिहिलं. मंगळसूत्र आणि चेन एक नाही हो! मी बसून परत लिहवून घेतलं, दोन वाट्या, मधे लाल मणी, काळ्या मण्यांचे दोन सर, वजन दीड तोळा. लिहिलेलं वाचून दाखवणं त्यांचं काम आहे, आणि कॉपी तिथेच फुकट मिळते, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम १७३. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा, कुठल्याही थान्यात होते.

त्याच दिवशी गल्लीतल्या दुकानांत जाऊन कॅमेऱ्याचं फुटेज पेनड्राइव्हमध्ये घ्या, थोड्याच दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

एवढं करूनही नाहीच घेतली तर? इंदुरात डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर सिस्टम आहे, म्हणून शहरातली तक्रार तुमच्या झोनच्या डीसीपींना, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. मंगळवारच्या जनसुनवाईतही, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तिथेही, जाता येतं, १८१ या सीएम हेल्पलाइनवरही टाका. तरी हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस कलम १७५(३) चा अर्ज, की पोलिसांना तपासाचा आदेश द्या, सोबत शपथपत्र लागतं, आणि तिथे विचारतात आधी वरच्या अधिकाऱ्याला कळवलं का, म्हणून ती पोस्टाची पावती. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो सरकारी खर्चाने वकील मिळतो, फोन १५१००. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, कृपया घरातल्या बायकांना सांगा.

एफआयआर झाली की ९० दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, नाही कळवलं तर नंबर घेऊन जाऊन विचारा.

आमच्याकडे अडीच महिन्यांनी फोन आला, शिनाख्तीला, म्हणजे माल ओळखायला, या. टेबलावर चार-पाच मंगळसूत्रं, आत्याने एक वाटी उलटी करून पाहिली, मागे सराफ्यातल्या आमच्या सोनाराचा शिक्का, तीच. कोर्टातून सुपुर्दगीवर, म्हणजे केस चालू असताना वस्तू आपल्या ताब्यात, घेताना जुनं बिल आणि भाचीच्या लग्नातला फोटो कामी आला. तर आजच दागिन्यांचे फोटो काढून ठेवा, वाट्यांची मागची बाजूसुद्धा, आणि बिलं एका पाकिटात.