रेतनानंतरचे तीन आठवडे : संकरित गाईतील प्रोजेस्टेरॉनचा हिशेब कसा ठेवावा

रेतन झाले की गोठ्यातील वहीत तारीख लिहिली जाते आणि पुढचे तीन आठवडे ती वही सहसा कोणी उघडत नाही. गाय गाभण राहणार की उलटणार, म्हणजे पुन्हा माजावर येणार, हे मात्र याच तीन आठवड्यांत ठरते. होल्स्टिन संकरित गाईचे रेतन वेळेवर झाले तर स्त्रीबीज बहुतेक वेळा फळते, पण त्यांतील पुष्कळ गर्भ पहिल्या सोळा-सतरा दिवसांतच मरतात आणि गाय ठरल्या वेळी पुन्हा माजावर आल्याने ‘रेतनच लागले नाही’ असा समज होतो. या काळात गर्भाची भिस्त प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर असते, म्हणून वहीतील तारखेपुढे त्याचे टप्पेही मांडून ठेवावेत.

समजा, १ ऑगस्टला सकाळी गाय माजावर आली आणि त्याच संध्याकाळी रेतन झाले. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी स्त्रीबीज सुटते, आणि ते जिथून सुटले तिथे बीजांडकोषावर पीतपिंड तयार होतो. प्रोजेस्टेरॉन या पीतपिंडातूनच स्रवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीच्या गोंड्याला रक्तमिश्रित सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) चिकटलेला दिसला तर घाबरू नये. माज होऊन गेला एवढेच त्यावरून कळते, गाभण राहिली की नाही हे कळत नाही.

५-६ ऑगस्टला गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो. त्याला अद्याप वार नसते. गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रवावरच तो जगतो, आणि तो द्रव त्याच्याजोगा राखण्याचे काम प्रोजेस्टेरॉनचे असते. त्यामुळे या सुमारास पातळी चढू लागलेली असावी लागते; ती उशिरा चढली तर गर्भ खुरटतो. त्याचे परिणाम १६-१७ ऑगस्टच्या सुमारास दिसतात, कारण तेव्हा गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड मोडण्याच्या तयारीत असते आणि दोऱ्यासारखा लांबलेला सशक्त गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून ते थोपवतो. खुरट्या गर्भाला हे साधत नाही, पीतपिंड मोडतो आणि २२ ऑगस्टच्या आसपास गाय पुन्हा माज दाखवते.

भरपूर दूध देणाऱ्या गाईत ही अडचण अधिक येते. ती जितके जास्त खाते तितके तिच्या यकृतातून जास्त रक्त वाहते आणि तितक्याच वेगाने यकृत प्रोजेस्टेरॉनचा निचरा करते, म्हणून पीतपिंड चांगला असूनही रक्तातील पातळी कमी राहू शकते. यावर उपाय म्हणून खुराक तोडणे ही मोठी चूक ठरेल, कारण व्याल्यानंतर झपाट्याने वाळलेल्या गाईत पीतपिंडच दुबळा तयार होतो. रेतनाआधीच्या दोन महिन्यांत अंगावरचे मांस टिकवणे आणि उन्हाळ्यात सावली, पंखे व गार पाणी देणे, हे मला कोणत्याही इंजेक्शनपेक्षा भरवशाचे वाटते.

गाय वारंवार उलटत असेल तर अंदाज बांधण्याऐवजी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रोजेस्टेरॉन मोजून घ्यावे. खऱ्या माजाच्या दिवशी ते रक्तात दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. त्या दिवशी ते जास्त निघाले, तर दोष गर्भाचा नसून माज ओळखण्याचा आहे. दुधातही ते मोजता येते, परंतु प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशात विरघळत असल्याने पहिल्या धारांतील पातळ दूध आणि शेवटच्या धारांतील दाट दूध यांचे आकडे वेगळे येतात. नमुना दर वेळी एकाच टप्प्याचा घ्यावा. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी पातळी कमी असेल तर गाय गाभण नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. जास्त पातळीवर मात्र तेवढा विश्वास ठेवू नये, कारण माजाचे चक्र लांबलेल्या रिकाम्या गाईतही ती जास्त असू शकते.

‘गर्भ धरण्याचे इंजेक्शन’ प्रत्येक गाईला सरसकट देण्याची पद्धत मला पटत नाही. बाहेरून दिलेले प्रोजेस्टेरॉन फार लवकर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू केले, तर पीतपिंड लवकर मोडून चक्र आखूड होऊ शकते. पाचव्या दिवसाच्या सुमारास एचसीजी किंवा जीएनआरएच या संप्रेरकांपैकी एकाचे इंजेक्शन देऊन दुसरा पीतपिंड तयार करणे हा एक मार्ग आहे, पण त्याचा लाभ प्रत्येक कळपात सारखा दिसत नाही. कोणत्या गाईला काय द्यायचे, हे पशुवैद्यकाने तपासूनच ठरवावे. माजावर आणण्यासाठी दिले जाणारे प्रोस्टाग्लँडिन तर गाय रिकामी असल्याची खात्री झाल्याशिवाय देऊच नये, कारण ते पीतपिंड मोडते आणि गर्भ पडतो. हे औषध त्वचेतूनही शरीरात शिरते, म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये.

सोनोग्राफीने गर्भ साधारण २८ ते ३० दिवसांनी दिसतो, परंतु त्यानंतरही काही गर्भ जिरतात, म्हणून ६० दिवसांच्या सुमारास पुन्हा तपासणी करावी. दरम्यान गाभण ठरलेली एखादी गाय माजाची लक्षणे दाखवते. अशा वेळी तिची तपासणी होईपर्यंत रेतन करू देऊ नये, कारण गर्भाशयात नळी शिरली की आत वाढत असलेला गर्भ दगावू शकतो.