देवाशी धरलेला अबोला कसा सोडवायचा

भावकीनं वाटणीत फसवलं, आणि तीच माणसं दर रविवारी जोतिबाला जाऊन गुलाल लावून येतात. सत्संगातल्या बाईंना विश्वासानं सांगितलेलं घरातलं दुखणं आठवडाभरात चार घरी पोचलं. दोष काढून देतो म्हणणाऱ्या महाराजांनी लेकीच्या लग्नाचे पैसे नेले. अशा वेळी देवघरातला दिवा बंद पडतो. त्यात नवल काही नाही. समोरच्यानं सगळा व्यवहार देवाच्या नावानं केलेला असतो, म्हणून उधारीही देवाच्याच नावावर चढते. खातं दुरुस्त करायचं, तर आधी दोघांची नावं वेगळी करावी लागतात.

शंभर पानी वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं त्या माणसानं काय केलं ते लिहा, आठवेल त्या तारखेसह आणि साध्या क्रियापदात: ‘सही घेतली’, ‘सांगत सुटली’, ‘गप्प बसले’. ‘नशीब’, ‘भोग’ हे शब्द या बाजूला नकोत, कारण त्यांच्याआड करणारा लपतो. उजवीकडं देवाकडून काय अपेक्षा होती ते लिहा, आणि प्रत्येक अपेक्षेपुढं ती तुम्हाला कुणी शिकवली त्याचं नाव. ‘एवढे गुरुवार केले की घरावर संकट येत नाही: आत्या.’ रोज वीस मिनिटं, चार-पाच दिवस पुरे. हे काम झोपायच्या आधी करू नका, रात्र जागून जाते.

उजवी बाजू भरताना बरेचदा ध्यानात येतं, की देवानं दिलेला म्हणून धरून ठेवलेला शब्द कुणा माणसानंच परस्पर दिला होता. तरीही एखादी ओळ उरते: ‘मी हाका मारत होते तेव्हा तू कुठं होतास?’ ती खोडू नका, पुढं लागणार आहे.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात ते, दिवस ठरलेले आहेत: 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर. एखाद्या वर्षी ढग, धूळ किंवा महाद्वार रोडच्या बाजूची बांधकामं आड आली, की मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत नीट पोचत नाहीत. त्या संध्याकाळी गावात चर्चा होते ती अडथळ्यांची, सूर्याची नाही. देव आणि मधला माणूस वेगळे काढायचे ते असेच. वेदोक्त प्रकरणात पुरोहितानं शाहू महाराजांना, छत्रपती असूनही, वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र नाकारले. महाराजांनी धर्म सोडला नाही. पुढं 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरू हे मराठा धर्मगुरूंचं पद निर्माण करून मध्यस्थच बदलला.

आता ती उरलेली ओळ. ती देवाला मोठ्यानं म्हणायची, शक्यतो घरात कुणी नसताना, आणि एकेरीत. ‘पाप लागेल’ ही भीती इथं आडवी येते. पण तुकोबा देवाशी भांडले, जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या, आणि दोघांनाही संतांच्या पंगतीतून कुणी उठवलं नाही. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला तर रागावलेल्या शंकराचंच देऊळ आहे, कोपेश्वराचं. सती गेली म्हणून तो कोपला, आणि त्याची समजूत काढायला विष्णू धोपेश्वराच्या रूपात आला, अशी कथा. गाभाऱ्यात दोघं शेजारी-शेजारी आहेत. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून समोर नंदी नाही. जमलं तर आडवारी जा, देवळाच्या उघड्या छताच्या स्वर्गमंडपात अर्धा तास बसा. काही मागायचं नाही. घरच्यांनी सोबत जायचं असेल तर धोपेश्वरासारखं नुसतं शेजारी बसावं. ‘झालं गेलं विसर’ हे वाक्य घरी ठेवून यावं.

भांडण झाल्यावर रोजचं थोडंसं सुरू करा. निरांजनात अर्धा चमचा तूप, एक फुलवात. वात आधी तुपात पूर्ण भिजवा; कोरडी राहिली तर नुसतं टोक जळतं, काजळी धरते आणि दिवा विझतो. ती जळते तेवढा वेळ, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, बसायचं. जप, पोथी, संकल्प काही नको. एकवीस दिवसांचा नेम तर मुळीच धरू नका. एक दिवस चुकला की पुन्हा तोच जुना अपराधीपणा अंगावर येतो.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एक, नवस: ‘त्याला धडा शिकव, मग तुला मानीन.’ यात देव पुन्हा त्या माणसाच्या दावणीला बांधला जातो. दोन, एका महाराजांकडून पोळलेला माणूस महिन्याभरात दुसऱ्याच्या बैठकीत दिसतो. सहा महिने कुठल्याही मध्यस्थाला पैसे आणि घरातली गुपितं देऊ नका. तीन, माफीची घाई. देवाशी बोलणं सुरू करायला त्या माणसाला माफ करावं लागत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं कधी झालंच नाही तरी चालतं.

गुन्हा घडला असेल तर वहीची डावी बाजू पोलिसांच्याही कामाची. यूपीआयच्या नोंदी, चॅट, फोटो जपून ठेवा. ‘दक्षिणा’ म्हणून दिले तरी पैसे गेलेलेच असतात. अघोरी उपाय किंवा चमत्काराच्या नावाखाली फसवणूक झाली असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तातडीला 112. झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.

देवळात परत जायची वेळ शेवटी येते, आणि पहिल्या खेपेला गर्दीचे मंगळवार, शुक्रवार, रविवार टाळा. ज्यांनी दुखावलं ते ज्या वेळी येतात ती वेळही टाळा. गाभाऱ्याच्या रांगेत अडकून पडण्यापेक्षा मुखदर्शन घ्या, तिथून हवं तेव्हा निघता येतं. ओटी, पेढे, नारळ काही नेऊ नका. हात जोडावेसे वाटले नाहीत तर नुसतं बघा आणि बाहेर या. ती माणसं समोर आलीच तर मान हलवून पुढं व्हायचं, चप्पल स्टँडवर उभं राहून हिशेब काढत बसायचं नाही.