व्हिडिओवर पोट भरायचं असेल तर आधी तास मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात मराठी चॅनेल बंद पडण्याची चाकोरी ठरलेली आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा किंवा पावसाळ्यातला जांबोटीकडचा एखादा व्हिडिओ धो धो चालतो. सबस्क्रायबर वाढतात. आता आठवड्याला दोन टाकायचे असं ठरतं, आणि वर्ष उलटायच्या आत चॅनेल गप्प होतं. लोक म्हणतात, पोराचा उत्साह संपला. खरं तर त्या पोराने उत्साहाच्या भरात आपल्याकडे नसलेले तास खर्ची टाकलेले असतात.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. पुढचे दोन व्हिडिओ करताना प्रत्येक कामाला लागलेला वेळ एका वहीत लिहून काढा. एकट्याने केलेल्या दहा मिनिटांच्या व्हिडिओचा हिशेब साधारण असा निघतो: विषय शोधणं आणि फोनाफोनी दोन-तीन तास, प्रवासासह शूटिंग पाच-सहा, क्लिपा निवडणं दीड-दोन, एडिटिंग आठ ते दहा, थंबनेल आणि शीर्षक एक, अपलोड, सबटायटल आणि कमेंटला उत्तरं एक-दोन. म्हणजे एकूण अठरा ते चोवीस तास. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आठवड्याला ४८ तासांची ड्युटी करणाऱ्याने दर आठवड्याला असा एक व्हिडिओ टाकायचं म्हटलं, तर आठवडा जवळपास सत्तर तासांचा होतो. तो रेटा तीन महिने निभतो, पुढे अंग साथ देत नाही.

हातात आठवड्याचे बारा तास असतील तर महिन्याला दोन व्हिडिओ, आठच असतील तर दीड. हा आकडा कितीही किरकोळ वाटला तरी तोच धरा. आठवड्याला एक व्हिडिओ टाकलाच पाहिजे असा नियम यूट्यूबने केलेला नाही. मध्ये खंड पडला म्हणून चॅनेलला शिक्षा होत नाही. शिफारशी ठरतात त्या व्हिडिओ आणि प्रेक्षक यांची जोडी जुळते का यावर.

शिल्लक ठेवून चालणं

तयार व्हिडिओंची शिल्लक चारच्या खाली जाऊ देऊ नका. शनिवारी रात्री एडिट आणि रविवारी सकाळी अपलोड अशी सवय असेल तर एक ताप, एक लग्न किंवा रात्रभर गेलेली वीज सगळं वेळापत्रक कोलमडवते, आणि अपराधी वाटायला तिथूनच सुरुवात होते.

शिल्लक जमते ती एका दिवसात दोन-तीन विषय उरकल्याने. कुंद्याचा व्हिडिओ घ्या. दूध आटेपर्यंत दीड-दोन तास कढईजवळ थांबावंच लागतं, तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर दुसरी छोटी पाककृती होते, शिवाय तीन उभे शॉर्ट निघतात. मात्र स्वयंपाक आई किंवा वहिनी करणार असेल तर दिवसाला दोनच पदार्थ. कॅमेऱ्यासाठी एक कृती दोनदा करावी लागते आणि मागे भांड्यांचा ढीग उरतो. चॅनेल चालवणाऱ्याच्या आधी घरातली माणसंच थकतात, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. त्यांना महिन्याचे पैसे ठरवून द्या, थोडे का असेनात.

वर्षाची आखणी हंगाम बघून करा. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटी भागात पाऊस इतका कोसळतो की बाहेरच्या शूटिंगचे निम्मे बेत बारगळतात. मे अखेरपर्यंत बाहेरचे चार-पाच विषय उरकून ठेवा आणि पावसाळ्यात घरात बसून बोलायचे, मुलाखतींचे, एडिटिंगचे विषय घ्या. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी हद्दीत कॅमेरा काढायचाच नाही. त्यातून मिळणारे व्ह्यूज पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्यात एवढ्या मोलाचे नसतात.

वैशाखातली शिवजयंती आणि गणपती हे दोन मोठे हंगाम. चित्ररथाची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, तेव्हा तिच्यानंतरचे दोन दिवस कामाला कोरेच ठेवा. मिरवणुकीत डीजेवर सिनेमाची गाणी असतील तर व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं, वेगळी. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल जातं, क्लेमने तसं होत नाही. उपाय शूटिंगच्या वेळीच करा: ढोल-ताशा, लेझीम, झांज असलेले भाग जास्त घ्या, डीजेजवळचे शॉट आवाज बंद करून वापरा आणि वर स्वतःचं निवेदन घाला. तरीही क्लेम आलाच तर यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या ॲपात, तेवढं गाणं पुसण्याची सोय आहे.

एडिटिंगमध्ये माणूस का झिजतो

सर्वांत जास्त तास तिथे जातात, आणि दोष बहुतेक वेळा शूटिंगचा असतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी दोन तासांचं फुटेज आणलं की प्रत्येक क्लिप बघून ठेवायची की टाकायची हे ठरवावं लागतं. शेकडो वेळा असं ठरवून डोकं बधिर होतं. निघण्याआधी पंचवीस-तीस शॉटची यादी करा, प्रत्येक शॉट आठ-दहा सेकंद स्थिर धरा, आणि एकूण फुटेज चाळीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. निवेदन आधी लिहा. मिनिटाला ११० ते १३० शब्द धरले तर दहा मिनिटांना हजार-बाराशे शब्द पुष्कळ होतात, कारण काही जागा चित्रालाच बोलू द्यायची असते.

दोन तांत्रिक चुका एडिटिंगचे तास दुप्पट करतात. येळ्ळूरच्या राजहंसगडावर वारा माइकमध्ये घुसतो आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. कॉलरच्या माइकला केसाळ टोपी घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून बोला. दुसरी चूक दुकानातल्या ट्यूबलाइटची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर स्पीड १/५० किंवा १/१०० वर नसेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या साध्या कॅमेरा ॲपमध्ये शटर हाती नसेल तर प्रो मोड वापरा.

अपलोड रात्री लावून झोपा. दहा मिनिटांची १०८० पिक्सेलची फाइल ८ एमबीपीएस बिटरेटला सुमारे ६०० एमबी होते, आणि खेड्यात २ एमबीपीएस अपलोड स्पीड असेल तर तिला चाळीस मिनिटं लागतात. त्या फिरत्या गोलाकडे बघत बसणं हेही कामच, आणि फुकट जाणारं.

कमेंटचा जाच

सीमाभागात हा विषय वेगळा काढून बोलावा लागतो. व्हिडिओ मांड्यांचा असो की रताळ्यांच्या काढणीचा, शीर्षकात बेळगाव लिहिलं की बेळगावी लिहिलं यावरून खाली मराठी-कन्नड जुंपते. १ नोव्हेंबरला, एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिकांचा काळा दिन असताना, त्या विषयावरच्या व्हिडिओला व्ह्यूज भरपूर मिळतात आणि करणाऱ्याची त्या आठवड्याची झोप जाते. असा व्हिडिओ करायचा की नाही हे ऑक्टोबरमध्येच थंड डोक्याने ठरवा. बातमीदारी हेच तुमचं काम असेल तर करा. रेसिपीचं चॅनेल असेल तर आमच्या मते त्या वाटेला जाऊ नये.

स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ब्लॉक शब्दांची यादी असते. तिच्यात शिव्या मराठी, कन्नड आणि हिंदीत टाका, तिन्ही भाषांतले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले जातात तसेही टाका. तापलेल्या व्हिडिओवर सगळ्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरा. त्या तपासायला दुसऱ्या कुणाला मॉडरेटर करा आणि स्वतः दिवसातून एकदा, वीस मिनिटं, जेवणाआधी बघा. झोपण्यापूर्वी मात्र नको. कन्नड सबटायटल घातले तर भांडणं मिटणार नाहीत, पण कन्नड वाचणारे प्रेक्षक वाढतात आणि खालचा सूर थोडा निवळतो.

थकवा आलाच तर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. व्हिडिओवाल्यात ती अशी दिसतात: एडिटिंगची टाइमलाइन उघडून तासभर एकही कट पडत नाही, प्रेक्षकांचा राग येतो, आकडे दर दहा मिनिटांनी बघितले जातात, आणि यल्लम्माच्या जत्रेला गेलं तरी कॅमेऱ्याशिवाय काही दिसत नाही. यातली दोन लक्षणं पंधरा दिवस टिकली तर थांबा.

थांबण्याचीही रीत आहे. शिल्लक व्हिडिओ शेड्यूल करा. अमुक तारखेपर्यंत नवं काही येणार नाही असं एका पोस्टमध्ये दोन ओळींत लिहा, कारण देत बसू नका. जाहिरातदारांना फोन करून कळवा. मग स्टुडिओ ॲप मोबाइलमधून काढून टाका. सुट्टी तीन आठवड्यांहून कमी नको, कारण पहिला आठवडा नुसती झोप भरून काढण्यात जातो. सुट्टीत दुसऱ्यांची चॅनेलं बघत बसणाऱ्याला विश्रांती मिळत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: सहा महिने चॅनेलवर व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच नसेल तर यूट्यूब कमाई बंद करू शकतं. परतताना मी कुठे होतो असा अर्ध्या तासाचा व्हिडिओ करू नका. सर्वांत सोपा, एका दिवसात होणारा विषय घ्या.

सुट्टीनंतरही झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हा कामाचा शीण नव्हे आणि वेळापत्रकाने तो जाणार नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायला धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था बेळगावहून दोन तासांच्या आत गाठता येते.

पैशाची बाजू

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्टवर एक कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्टच्या फीडमधले तास त्या ४,००० मध्ये धरत नाहीत, इथे पुष्कळजण फसतात. लांब व्हिडिओच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुम्हाला मिळतात. आठ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत मध्ये जाहिरात लावता येते, पण त्यासाठी पाच मिनिटांचा विषय ताणू नका.

स्टुडिओत हजार व्ह्यूजमागची कमाई दिसते. समजा ती ४० रुपये आहे. महिन्याला १५,००० हवे तर पावणेचार लाख व्ह्यूज लागतील. हे गणित स्वतःच्या आकड्यावर करा आणि भिंतीवर चिकटवा. जानेवारीत जाहिराती ओसरतात, दिवाळीच्या सुमारास चढतात. म्हणून एका महिन्याच्या कमाईवर कर्ज काढायचं नाही.

यूट्यूबची कमाई जमा होते त्या गूगल ॲडसेन्सच्या खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासणीचा पिन साध्या टपालाने येतो, दोन ते चार आठवड्यांत. पत्त्यात वडिलांचं नाव, गल्ली, तालुका आणि पिनकोड लिहा, पोस्टमनला ओळख पटली पाहिजे. तुमचं नाव पॅन आणि बँक खात्यावर अक्षरन् अक्षर सारखं हवं. पैसे १०० डॉलर पूर्ण झाल्यावर परदेशातून येतात. पतसंस्थेत आणि बऱ्याच सहकारी बँकांत ते थेट घेता येत नाहीत, म्हणून स्विफ्ट कोड असलेल्या बँकेत खातं काढा. अमेरिकेचा कर फॉर्म भरला नाही तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के.

खरा आधार मात्र स्थानिक जाहिरातींचा. शहापूरचं साडीचं दुकान, क्लासवाले, चोर्ल्याकडचे रिसॉर्ट. इथे ‘आधी टाका, मग बघू’ हे वाक्य ऐकू येणारच. निम्मे पैसे आगाऊ, दोनच दुरुस्त्या, आणि व्हॉट्सॲपवर का होईना लेखी होकार, यापलीकडे हलू नका. जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. दिशाभूल ठरली तर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. वर्षात एका कंपनीकडून २०,००० रुपयांच्या वरची वस्तू फुकट मिळाली आणि ठेवून घेतली तर तिच्यावर १० टक्के टीडीएस लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत कोल्हापूर-गोव्याच्या ग्राहकाला बिल दिलं तरी जीएसटी नोंदणी लागत नाही.

नोकरी सोडायची घाई करू नका. सलग बारा महिन्यांची सरासरी कमाई, खर्च आणि कर वजा जाता, घरखर्चाला पुरली पाहिजे. कमाई तीन तरी वाटांनी यावी आणि एकीचा वाटा निम्म्याहून जास्त नसावा. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा हवा. घरखर्च २५,००० असेल तर ही रक्कम दीड लाख होते. तिन्ही जमेपर्यंत मालकाकडे गणपतीच्या महिन्याची बिनपगारी रजा मागून बघा. त्या महिन्यात दिवसभर हेच काम केल्यावर हाताशी किती व्हिडिओ आणि किती पैसे उरले ते त्याच वहीत लिहा, आणि वर्षाच्या सरासरीशेजारी ठेवून बघा.