बुडालेल्या ट्रॉलरवर डाइव्ह: पुण्याहून निघण्यापूर्वी आणि परतताना

बुडालेल्या मासेमारी बोटीवर सगळ्यात मोठा धोका जाळ्याचा. बोटीबरोबर तिचं स्वतःचं जाळं तर बुडालेलं असतंच, शिवाय पुढे वर्षानुवर्षं इतरांची जाळीही त्या सांगाड्यात अडकून तुटत राहतात. गढूळ पाण्यात बारीक नायलॉनचा धागा हातभर अंतरावरूनही दिसत नाही. म्हणून तयारीची सुरुवात इथूनच करा.

स्नॉर्केल काढून ठेवा. फिन्सच्या (पायात घालायच्या वल्ह्यांच्या) पट्ट्यांची लोंबती टोकं आत वळवून टेपने चिकटवा. गेज (हवेच्या दाबाचं मीटर) आणि ऑक्टोपस (श्वासासाठीची जादा नळी) छातीशी क्लिप करा. कापायला दोन साधनं हवीत, तीही उजव्या-डाव्या दोन्ही हातांना सापडतील अशी. पायाला बांधलेला मोठा सुरा इथे फारसा कामाचा नाही, कारण अडकल्यावर नेमका तिथवर हात पोहोचत नाही. रुग्णवाहिकेत वापरतात तसली बोथट टोकाची कात्री उत्तम. जाळं ओढणाऱ्या विंचची पोलादी तार मात्र कशानेच तुटत नाही, तिच्यापासून लांबच राहा.

बुडण्यासाठी कमरेला बांधायचं, पुण्यातल्या स्विमिंग पूलमध्ये जुळवलेलं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणजे माणूस आणि सामान मिळून ९० किलो भरत असेल तर सव्वादोन किलो जादा लागतात. त्यातच ११ लिटरच्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोची, ती संपत आली की तुम्ही हलके होता. म्हणून वजन तपासायचं ते सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं एकक) उरलेले असताना. हे चुकलं तर वर येतानाच्या शेवटच्या थांब्याला ५ मीटरवर टिकता येत नाही.

हवेचं गणित वहीत मांडून जा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर १८ मीटरवर, २.८ बार दाबाखाली, ५६ लिटर लागतात. त्याच ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारचे १२० व्हायला जेमतेम १६ मिनिटं. १२० ला परत फिरा, ५० बार शिल्लक ठेवून वर या. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं प्रशिक्षण १८ मीटरपर्यंतचंच असतं. बोट त्याहून खोल असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झाल्याशिवाय जाऊ नका.

बोयाच्या (वर तरंगणाऱ्या खुणेच्या) दोराने उतरा, आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जा. बोटीपासून मीटरभर वर राहून बेडकासारखे पाय मारा, नाहीतर गाळ उठून दोर दिसेनासा होतो. मासळीच्या कोठारात शिरू नका. त्याला बहुधा एकच तोंड असतं, आणि लाकडी बोटीचा डेक आतून कुजलेला असतो.

अडकलात तर गिरकी घेऊ नका, त्याने धागा गुंडाळत जातो. थांबा, श्वास सावकाश करा, बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करा. धागा बहुतेक वेळा सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या बकलला असतो. बडीने मागून येऊन तो ताणून धरावा आणि मगच कापावा, सैल नायलॉन कात्रीतून निसटतो. कापताना रेग्युलेटरच्या (श्वास घ्यायच्या) नळीवर नजर ठेवा.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

आता पुणेकरांच्या हातून हमखास सुटणारी गोष्ट. मालवण-तारकर्लीहून परतताना घाट चढावाच लागतो, आणि पुणंच सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तेवढं पुरतं. विमानासाठीचा नियमच घाटाला लावा: एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त झाल्या असतील तर १८. शनिवारी दुपारी बाराच्या आत शेवटची डाइव्ह संपवा, रविवारी सकाळी सहानंतर निघा. तोवर सांधे दुखले किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर तो दगदगीचा शीण समजून गाडीत बसू नका. खालीच थांबा, डाइव्ह सेंटरमधला शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करा आणि डॉक्टरांना आधी डाइव्हची खोली आणि वेळ सांगा.