बोटीवरच्या महिन्यासाठी नागपुरातून काय न्यायचं

डिसेंबरात तू आणि जावईबापू महिनाभर आमच्या शिडाच्या बोटीवर राहणार, म्हणून ही यादी लिहून ठेवते. बोट गोव्यात मांडवी नदीत नांगरावर असते. जिरं संपलं तरी डिंगी, म्हणजे छोटी होडी, वल्हवत किनाऱ्यावर जावं लागतं, तेव्हा जे इतवारीच्या बाजारात मिळतं ते इथूनच भरून न्या.

आधी डबे घे, मग सामान. घट्ट झाकणाचे हवेत. लोखंडी तवा-कढई घरीच राहू दे, खाऱ्या हवेत बघता बघता गंज चढतो. कुकर मात्र नक्की ने. गॅस वाचतो आणि बोट हलली तरी झाकण लागलेलं राहतं. डाळी आणि रव्याला इथलं ऊन दाखव, गार झाल्यावर भर. मूगवड्या दुप्पट घे, भाजी संपली की त्यांचाच आधार. पत्ताकोबी सुरीने चिरू नको, वरून एकेक पान काढ. मग पुष्कळ दिवस पुरते. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत टांग. संत्री खूप न्यावीशी वाटतील, पण आपल्या संत्र्याची साल सैल, हेलकाव्यात ते दबतं आणि कुजतं. चार दिवसांपुरतीच घे. पुढं मोसंबी आणि लिंबं टिकतात.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर चढवायचं नाही. त्याच्या खाचांतून झुरळांची अंडी येतात, आणि एकदा झुरळं लाकडी कप्प्यांत शिरली की निघता निघत नाहीत. आम्ही हे एक अख्खा हंगाम सोसलं आहे. सामान किनाऱ्यावरच कापडी पिशव्यांत काढून घ्या.

आता पाणी. टाकी 300 लिटरची आहे. दोघांना मिळून रोज 20 लिटर धरलं तर पंधरा दिवस. ताटं आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याने धुवायची. म्हणून फवाऱ्याच्या दोन बाटल्या घे. नदीच्या पाण्यात भांडी विसळू नको, ते स्वच्छ नसतं. खाऱ्या पाण्यात कपडेही धुवायचे नाहीत. मीठ हवेतला ओलावा ओढतं, कपडा वाळल्यासारखा वाटला तरी संध्याकाळी पुन्हा दमट. पातळ सुती कपडे आणि चार पंचे ने. जाड टॉवेल अजिबात नको.

स्वयंपाक झाला की शेगडी बंद करून थांबायचं नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्हही दर वेळी बंद करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकीदारातून निघून जातो, बोटीत तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने पेटतो. जावईबापूंनाही हे दोनदा सांग.

बाजार सकाळीच उरकायचा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, डिंगी भरलेली असली की हात भरून येतात. ओहोटीची वेळही बघून निघा, नाहीतर प्रवाह नदीच्या मुखाकडे ओढतो. डोक्याला बांधायची बॅटरी, उलटीवरच्या गोळ्या, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा एकाच पिशवीत ठेव.

किल्ली माझ्याकडे आहे, रविवारी महाल भागात घरी ये आणि घेऊन जा. तिला बुचाचा तुकडा बांधलाय, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. तो सोडू नको.