पहिल्या परदेश प्रवासाची शहरे ठरवताना तारखेआधी वार पाहा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे प्रथमच देशाबाहेर गेलो. शुक्रवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो आणि बारा रात्रींनंतर बुधवारी सकाळी परतलो. मधल्या दिवसांत ॲम्स्टरडॅम, पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम अशी पाच शहरे बसवली होती. मी शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात इतकी वर्षे छापील चित्रावरून समजावलेली मोनालिसा आणि सिस्टिन चॅपेलचे छत एकदा प्रत्यक्ष पाहावे, एवढ्यासाठीच हा सारा खर्च होता. त्यातले एकही पाहता आले नाही, कारण पॅरिसमधला आमचा एकमेव सबंध दिवस मंगळवार होता आणि मोनालिसा जिथे आहे ते लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते; रोममध्ये सिस्टिन चॅपेलच्या बाबतीतही वारानेच घोटाळा केला. पहिल्याच प्रवासाची आखणी करणाऱ्या इथल्या कुटुंबांसाठी ही तयारी क्रमाने लिहिते आहे.

कागदावर शहरांची नावे लिहिण्याआधी तिथे नेमके काय पाहायचे आहे ते लिहा. ‘पॅरिस’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. लूव्र, ओर्से हे दुसरे कलासंग्रहालय, व्हर्सायचा राजवाडा की आयफेल मनोरा, हे घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे. ज्या शहरापुढे कोणालाच काही लिहिता येत नाही, ते शहर केवळ इतरांनी पाहिले म्हणून यादीत आले आहे असे समजून काढून टाका. आम्ही व्हेनिस असेच ठेवले आणि तिथे एक रात्र झोपून आलो.

त्यानंतर दिवस मोजा, आणि ते प्रामाणिकपणे मोजा. सोलापूरकरांना जाताना एक आणि येताना एक रात्र मुंबईच्या गाडीत काढावी लागते, ती प्रवास कंपनीच्या पत्रकात धरलेली नसते. ज्या दिवशी शहर बदलायचे तो दिवस सामान आवरणे, स्थानक गाठणे, गाडी आणि नवी खोली शोधणे यातच संपतो. पॅरिस ते ॲम्स्टरडॅम वेगवान गाडीला साडेतीन तासांच्या आत वेळ लागतो, हे खरे असले तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोहोचेपर्यंत दुपार टळून जाते. आमच्या बारा रात्रींतून सबंध दिवस निघाले फक्त चार, म्हणजे ॲम्स्टरडॅमचा रविवार, पॅरिसचा मंगळवार, ल्युसर्नचा गुरुवार आणि रोमचा रविवार. परदेशात आठ-नऊ मुक्काम होणार असतील तर तीन शहरे पुष्कळ झाली.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वार. प्रत्येक मुक्कामाच्या तारखेपुढे तिचा वार लिहा. आपल्याकडे मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ अशी वारांची नावे रोज तोंडी असतात, पण प्रवासाचा कागद करताना मी केवळ तारखा लिहिल्या. लूव्र मंगळवारी बंद. ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. फ्लॉरेन्सचे उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालये, ज्यांच्या आतच सिस्टिन चॅपेल आहे, महिन्यातला शेवटचा रविवार वगळता इतर सर्व रविवारी बंद. ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम मात्र वर्षभर रोज उघडे असते, म्हणून रेम्ब्रांटचे 1642 सालचे ‘नाइट वॉच’ तेवढे डोळे भरून पाहता आले. वाराबरोबर सुट्टीही पाहा: लूव्र 1 मे रोजीही बंद असते, आणि आपण शाळेच्या सुट्टीमुळे नेमके त्याच दिवसांत जातो.

आमच्या प्रवास-प्रतिनिधीने हे सांगितले नाही, याचा मला अजूनही राग येतो. पण आम्हीही विचारले नाही, आणि तिकिटे तिथेच काढू म्हणून निघालो. प्रवेशाचे तिकीट घरूनच काढायला बसलो असतो, तर त्या पानावर मंगळवार निवडताच येत नाही हे सोलापुरातच कळले असते. मंगळवारी ओर्से उघडे असते हेही मला परतल्यावर समजले. पुढे रोमला रविवार आला, आणि तो महिन्यातला शेवटचा रविवार नव्हता. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षे ज्या छतावर घालवली, त्याच्या भिंतीबाहेरून आम्ही परतलो. घरून एक दिवस उशिरा निघालो असतो तर पॅरिसला बुधवार आणि रोमला सोमवार मिळाला असता, आणि दोन्ही दारे उघडी असती. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी वार लिहा. प्रतिनिधीने आराखडा दिला असेल तर त्यावरही स्वतःच्या हाताने वार लिहा. वार जुळत नसतील तर निघण्याचा दिवस सरकवा किंवा शहरांचा क्रम उलटा करा, आणि तरीही जुळत नसेल तर त्या शहरात एक रात्र वाढवून दुसरे शहर सोडा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते, त्यामुळे पॅरिसमधला एक वार यांपैकी असला तर फार सोयीचे होते.

शहरांचा क्रम एका दिशेने जाणारा हवा. एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून परतीचे विमान घेता येते, त्यामुळे मागे फिरण्यात दिवस जात नाही. आम्ही ॲम्स्टरडॅमला उतरून रोमहून परतलो, तेवढे योग्य झाले. केवळ इटली करायची असेल तर रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा क्रम रेल्वेने सोपा आहे. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तासच लागतो.

व्हिसाचा विचार शहरे ठरवतानाच करा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. आमच्या सर्वाधिक, म्हणजे तीन रात्री इटलीत होत्या, म्हणून विमान ॲम्स्टरडॅमला उतरत असूनही अर्ज इटलीकडे केला. लंडन जोडायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, तेव्हा पहिल्या खेपेला ते बाजूला ठेवलेले बरे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, त्यासाठी पुण्या-मुंबईची एक फेरी धरा.

विमा किमान 30,000 युरोंचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध. चालण्याचे जुने, सवयीचे बूट. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, पेढे नेऊ नका, कारण युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. बाकी कपडे, औषधे, चार्जर नेहमीप्रमाणे. पैसे भरण्यापूर्वी तो कागद पुन्हा एकदा काढा आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहिलेला आहे का ते पाहा.